रक्त कमी म्हणजे नेमकं काय कमी?

कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतल्या नववीच्या मुलीने विचारलं आहे: "शाळेत रक्त तपासलं. माझं हिमोग्लोबिन ९.२ आलं. कार्डावर कन्नडमध्ये 'रक्तहीनते' लिहिलंय. बाई म्हणाल्या, तुझं रक्त कमी आहे. पण मागच्या महिन्यात पडून गुडघा फुटला तेव्हा भरपूर रक्त आलं होतं, मग कमी कसं? आई रोज बीट देते, आजी गूळ देते. शाळेत निळी गोळी मिळते, ती घेतली की मळमळतं आणि शी काळी होते. दोनदा मी ती दप्तरातच ठेवली. गोळी खरंच लागते का?"

तुझा गुडघ्याचा मुद्दा बरोबर आहे, आणि तिथूनच सुरुवात करू. तुझ्या अंगात रक्त थोडं नाही. किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं. तुझं वजन ४० किलो धरलं तर २.८ लिटर झालं. ९.२ असतानाही ते जवळपास तेवढंच भरतं. कमी आहे ते रक्तातलं हिमोग्लोबिन. कार्डावरच्या ९.२ चा अर्थ असा, की १०० मिलिलिटर रक्तात ९.२ ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. तुझ्या वयाच्या मुलीला ते निदान १२ हवं. ताकात पाणी जास्त झालं तरी तांब्या भरलेलाच दिसतो, तसं हे आहे. 'रक्त कमी' हा आपला बोलण्यातला शब्द, आणि याच शब्दामुळे गेली सव्वीस वर्षं माझ्याकडे येणाऱ्या आया विचारतात, "डॉक्टरबाई, बाटली लावू या का?" बाटलीतल्या सलाईनमध्ये पाणी, मीठ किंवा साखर असते. त्याने हिमोग्लोबिन तसूभरही वाढत नाही.

आता हिमोग्लोबिन काय करतं ते बघ. तांबड्या पेशीत ते ठासून भरलेलं असतं. एका पेशीत त्याचे सुमारे २७ कोटी रेणू. प्रत्येक रेणूत लोखंडाचे चार अणू, आणि प्रत्येक अणूला ऑक्सिजनचा एक रेणू चिकटतो. फुप्फुसात चिकटतो, स्नायूंत आणि मेंदूत सुटतो. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं. तुझ्या ९.२ ला गुणून बघ, १०० मिलिलिटर रक्तामागे १२ च्या थोडं वर येईल. शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीचं १३ असेल तर तिचं साडेसतराच्या आसपास. म्हणजे तुम्ही दोघी एकच जिना चढलात तर तुझ्या हृदयाला तेवढाच ऑक्सिजन पोचवायला जास्त खेपा माराव्या लागतात. म्हणून धाप, म्हणून छातीत धडधड. दुसऱ्या तासालाच डोळे मिटायला लागतात, तेही बऱ्याचदा यामुळेच. घरचे म्हणतात "पोरगी आळशी झालीय", आणि मला ते ऐकवत नाही. पोरीने आळस केलेला नसतो, तिच्या स्नायूंना आणि मेंदूला ऑक्सिजन अपुरा पडत असतो.

हे लोखंड तुझ्या ओळखीचं आहे. तुमच्या भागातली माती तांबडी, जांभ्याचे चिरे तांबडे, ते लोखंडाच्या ऑक्साइडमुळे. रक्ताचा रंगही लोखंडालाच धरून आहे. पावसाळ्यात ओढ्याला जो खेकडा सापडतो, त्याच्या रक्तात ऑक्सिजन वाहण्याचं काम तांब्यावर चालतं, म्हणून ते निळसर असतं. पण म्हणून माती खाऊन कुणाचं लोखंड वाढत नाही, मातीतलं लोखंड आतड्यात जवळजवळ शोषलंच जात नाही. हे मुद्दाम सांगते, कारण रक्त कमी असलेल्या मुलींना माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. तुला तसं होतं का? होत असेल तर लाज वाटून घेऊ नकोस, लपवूही नकोस. ते लोखंड कमी असल्याचं लक्षण आहे, आणि लोखंड भरून निघालं की ती इच्छा बहुतेक वेळा आपोआप जाते.

मग लोखंड कमी पडलं कसं? तू गणित शिकतेस, तेव्हा हिशोबच मांडू. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातलं लोखंड शरीर फेकून देत नाही, परत नव्या पेशीत घालतं. रोज असं २० ते २५ मिलिग्रॅम लोखंड घरातल्या घरात फिरतं. बाहेरून लागतं ते फक्त एक ते दोन मिलिग्रॅम. इतका काटकसरी संसार मोडतो तो तीन ठिकाणी.

एक म्हणजे तुझं वय. उंची वाढते, स्नायू वाढतात, त्यांना रक्त लागतं, रक्ताला लोखंड लागतं. दुसरं म्हणजे पाळी. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे सुमारे १४ मिलिग्रॅम लोखंड. ज्यांची पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते किंवा दर तास-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, त्यांचं बरंच जास्त जातं. अशा मुलीने हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. नुसत्या गोळ्या देऊन ती बरी होणार नाही, गळती आधी थांबवावी लागते.

तिसरं कारण भातशेतीच्या गावांत मी फार बघितलं आहे. रोप लावणीच्या दिवसांत अनवाणी चिखलात उतरायचं, आणि त्याच बांधाच्या आसपास कुणी उघड्यावर बसलेलं असतं. अंकुशकृमीच्या अळ्या त्या ओल्या मातीत असतात. त्या तळपायाच्या कातडीतून आत शिरतात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात, आणि गिळल्या गेल्या की आतड्यात. तिथे दात रोवून रक्त पितात. एक कृमी दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर इतकं रक्त घालवते. ऐकायला थोडं वाटतं, पण पोटात अशा पन्नास असल्या आणि सहा महिने राहिल्या तर काय होईल ते वहीत मांडून बघ. म्हणून शाळेत वर्षातून दोनदा अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. ती चुकवायची नाही, आणि चिखलात उतरताना पायात काहीतरी घालायचं.

आता बीट आणि गूळ. आईचं प्रेम खरं आहे, पण बिटाचा लाल रंग हा बिटातल्या रंगद्रव्याचा आहे. लोखंडाशी त्याचा संबंध नाही. बीट खाल्ल्यावर लघवी तांबूस होते, तेवढाच तो रंग शरीरातून फिरून जातो. १०० ग्रॅम बिटात लोखंड एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. डाळिंबात त्याहून कमी. दोन्ही खायला चांगली आहेत, खुशाल खा, पण हिमोग्लोबिनसाठी त्यांच्या भरवशावर राहू नकोस. गुळात लोखंड असतं, पण ते खड्याखड्याला वेगळं निघतं, आणि आपण खातो तो खडा केवढा? तुमच्या घरातच याहून चांगल्या गोष्टी आहेत. हुलग्यात १०० ग्रॅममागे आठ-नऊ मिलिग्रॅम लोखंड असतं, मटकीतही त्याच्या जवळपास. नाचणी आणि ज्वारीत चारच्या आसपास. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. नुसता भात आणि पातळ आमटी यावर वाढणारी मुलगी पोटभर जेवूनही लोखंडाला उपाशी राहते, ते यामुळे. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, मेथी, राजगिऱ्याची भाजी, तीळ, अळीव, ही नावं आजीला सांग. यातलं एकही तिला नवीन नसेल. घरी चालत असेल तर मटण, मासे उत्तम. त्यातलं लोखंड आतडं सहज उचलतं.

पण ताटात लोखंड आलं म्हणजे रक्तात आलं असं नव्हे. धान्य-कडधान्यातल्या लोखंडापैकी वीसात एखादा भाग आत जातो. आत जाऊ द्यायचं की नाही ते बरंचसं सोबत काय आहे यावर ठरतं, आणि आपल्याकडे सोबत असतो चहा.

यावर मी शाळांत एक प्रयोग करून दाखवते, तू विज्ञानाच्या सरांच्या समोर करून बघ. दोन काचेचे पेले घे. औषधाच्या दुकानातून लोहाची एक गोळी आण, तिचं रंगीत आवरण ओल्या फडक्याने पुसून काढ, गोळी कुटून कोमट पाण्यात ढवळ आणि ते पाणी दोन्ही पेल्यांत अर्धं अर्धं ओत. पाणी जवळजवळ बिनरंगी दिसेल, तळाला थोडा गाळ राहील. आता एका पेल्यात बिनदुधाचा, चांगला कडक, गार झालेला चहा घाल. बघता बघता पेला काळाभोर होईल, शाईसारखा. शाईसारखा म्हणते ते उगाच नाही. आपल्या पणजोबांच्या काळी हिरडा आणि हिराकस एकत्र करून शाईच करायचे. हिरडा तुमच्या जंगलात मिळतो, त्यात टॅनिन असतं. हिराकस म्हणजे लोखंडाचं सल्फेट, आणि बऱ्याचशा लोहाच्या गोळ्यांत तेच असतं. चहातही टॅनिनसारखीच द्रव्यं असतात. ती लोखंडाला घट्ट धरून बसतात, आतड्याला ते सोडवता येत नाही. भाकरीबरोबर चहा घेतला की तुझ्या पोटात हीच शाई तयार होते. आता त्याच काळ्या पेल्यात अर्धं लिंबू पिळ आणि हलव. काळेपणा फिका पडेल. लिंबातल्या आम्लाने ती पकड सुटते, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व लोखंडाला शोषता येईल अशा रूपात ठेवतं. दुसरा पेला शेजारी ठेव, म्हणजे फरक नीट दिसेल. प्रयोगातलं काहीही प्यायचं नाही. सगळं ओतून द्यायचं आणि हात धुवायचे.

या प्रयोगाच्या मागे माझी एक चूक आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी दहावीतली एक मुलगी आली होती, हिमोग्लोबिन ८.६. मी गोळ्या लिहून दिल्या, तीन महिन्यांनी तपासलं तर ८.८. मला वाटलं, पोरगी गोळ्या टाकून देते. मी तिला जरा कडकच बोलले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिची आजी म्हणाली, "न्हाई ओ बाई, माझ्यासमोर घेत्या की ती. उष्ण पडू नये म्हणून मीच सकाळी चहा-चपातीबरोबर देते." तीन महिने ती पोर इमाने इतबारे गोळी घेत होती आणि मी तिला विचारलं नव्हतं की कशाबरोबर घेतेस. वेळ बदलली, रात्री जेवणानंतर लिंबाच्या सरबताबरोबर सुरू केली. दोन महिन्यांत ती ११ च्या वर गेली. तेव्हापासून गोळी लिहिण्याआधी मी घरातल्या चहाची वेळ विचारते.

दुधाचंही असंच आहे. दुधातलं कॅल्शियम लोखंडाच्या वाटेत येतं. कर्नाटकातल्या शाळांत क्षीरभाग्य योजनेतून सकाळी दूध मिळतं आणि अक्षर दासोहमधून दुपारचं जेवण. दूध जरूर पी, हाडांसाठी ते हवंच आहे. फक्त गोळी आणि दूध यांच्यात दोन तास जाऊ देत. चहाचंही तेच, जेवणाच्या आणि गोळीच्या आधी एक तास आणि नंतर दोन तास चहा नको. ताटात मात्र लिंबाची फोड, पेरू, आवळा, कैरी, कच्चा टोमॅटो, यातलं काहीतरी रोज असू दे. कडधान्याला मोड आणले किंवा नाचणीचं पीठ रात्रभर आंबवून आंबील केलं तर लोखंड अडवणारं आणखी एक द्रव्य, फायटेट, तेही कमी होतं. आमटी-भाजी लोखंडी कढईत केली तर थोडं लोखंड अन्नात उतरतं, विशेषतः टोमॅटो किंवा आमसूल घातलेल्या पदार्थात. जुन्या बायकांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, पण त्यांचं बरोबर होतं.

आता तुझा खरा प्रश्न, गोळी लागते का. लागते, आणि का ते पुन्हा हिशोबाने बघ. तुला ९.२ वरून १२.२ वर जायचं आहे, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ३ ग्रॅम. २.८ लिटरला ८४ ग्रॅम हिमोग्लोबिन. एका ग्रॅमला ३.४ मिलिग्रॅम लोखंड, म्हणजे जवळपास २८५ मिलिग्रॅम. हे सगळं शोषलेलं लोखंड हवं. जेवणातून दिवसाला एक-दीड मिलिग्रॅम आत येतं आणि तेवढंच रोजच्या खर्चात व पाळीत जातं. मागची उधारी त्यातून फिटणार कशी? शाळेतली निळी गोळी आठवड्याला एक असते, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोखंड आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. त्यातला दहावा हिस्सा शोषला गेला असं धरलं तर आठवड्याला सहा मिलिग्रॅम. ज्यांचं हिमोग्लोबिन चांगलं आहे त्यांचं घसरू नये म्हणून ती आहे. तुझ्यासारख्या ९.२ वर आलेल्या मुलीला ती एकटी पुरत नाही, तिला उपचाराचा डोस लागतो. २०१८ पासूनच्या अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात तुझ्या वयाच्या सौम्य आणि मध्यम रक्तक्षयाला रोज अशा दोन गोळ्या तीन महिने देतात. तुझा आकडा मध्यम गटात येतो, ८ ते १०.९. आठच्या खाली असतं तर तुला आजच मोठ्या दवाखान्यात नेण्याविषयी मी लिहिलं असतं. तेव्हा ते कार्ड घेऊन आईबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि डॉक्टरांकडून डोस ठरवून घे. दप्तरात राहिलेल्या गोळ्या एकदम खाऊन टाकू नकोस.

आणि त्या दप्तरातल्या गोळ्यांचं आजच काहीतरी कर. घरात लहान भावंड असेल तर ही फार गंभीर गोष्ट आहे. निळी, गोड आवरणाची गोळी लहान पोराला चॉकलेटसारखी दिसते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाने अशा मूठभर गोळ्या खाल्ल्या तर त्याचा जीव जाऊ शकतो. पाकीट कपाटात वर ठेव. कुणी खाल्ल्याच तर उलटी व्हायची वाट बघत बसू नका, पाकीट घेऊन तडक दवाखाना गाठा.

शी काळी होते ते चांगलं लक्षणही नाही आणि वाईटही नाही. न शोषलेलं लोखंड बाहेर पडतं, म्हणून रंग काळा. गोळ्या बंद झाल्या की रंग पूर्ववत होतो. गोळ्या घेत नसतानाही शी डांबरासारखी काळी, चिकट होत असेल तर ते वेगळं, तेव्हा लगेच दाखवायचं. मळमळ मात्र खरी असते, मुली नखरे करतात असं म्हणणाऱ्यांनी स्वतः रिकाम्या पोटी एक घेऊन बघावी. रिकाम्या पोटी शोषण चांगलं होतं हे खरं, पण पोटात ढवळून गोळी बंदच पडणार असेल तर त्या शोषणाचा काय उपयोग? रात्री जेवून झोपायच्या आधी घे. तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना सांग, ते एका वेळी एक किंवा एक दिवसाआड असं बदलून देऊ शकतात. मनाने थांबवू नकोस.

मशीनच्या आकड्याबद्दलही थोडं. बोट टोचल्यावर थेंब येत नाही म्हणून ते जोरात पिळलं तर रक्तात पेशींबाहेरचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यायचा असतो, आणि हात गरम असावा लागतो. शक्य असेल तर एकदा शिरेतून रक्त देऊन पूर्ण तपासणी करून घे. तिच्यात पेशींचा आकारही कळतो. लोखंड कमी असेल तर पेशी लहान आणि फिकट दिसतात. बी-१२ कमी असेल तर मोठ्या, आणि शुद्ध शाकाहारी घरांत तेही आढळतं. काही घराण्यांत थॅलेसिमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिन बनण्यातल्या आनुवंशिक दोषाचा, वारसा असतो, त्यात पेशी लहान असूनही लोखंड पुरेसं असू शकतं. म्हणून गोळ्या नीट घेऊनही आकडा हलला नाही तर गोळ्या वाढवायच्या नाहीत, कारण शोधायचं.

वर्गात तुझ्यासारख्या आणखी मुली निघतील. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींमध्ये रक्तक्षय सापडला. मुलांतही शंभरात ३१. तेव्हा मुलांनीही गोळी "पोरींची" म्हणून टाकून द्यायची नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांतच नव्या पेशी रक्तात यायला लागतात. जिना चढताना पहिला फरक तुला स्वतःलाच जाणवेल. चार आठवड्यांनी पुन्हा तपास, निदान एक ग्रॅम वाढायला हवं. बारा आलं की लगेच गोळ्या सोडायच्या नाहीत, यकृतातली शिल्लक भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आख: तारीख, गोळी किती वाजता, चहा किती वाजता. पुढच्या तपासणीला ते पान घेऊन जा, डॉक्टरांना कार्डापेक्षा त्याचाच जास्त उपयोग होईल.